औषधाची आठवण

बुलढाण्याहून जालन्याकडे जाताना वाटेत चिखली हे तालुक्याचे गाव लागते. भोवतालच्या खेड्यांतील माणसे बाजारहाटासाठी, कचेरीच्या कामासाठी आणि दवाखान्यासाठी येथे येतात. त्यांत म्हातारी माणसेही पुष्कळ असतात. कापडी पिशवीत जपून आणलेला डॉक्टरांचा कागद ती औषधाच्या दुकानात पुढे करतात आणि गोळ्यांच्या तीन-चार पट्ट्या घेऊन एसटीने आपल्या गावी परततात. औषध मिळाले, आता काळजी मिटली, असे त्यांना वाटते.

परंतु मुलांनो, औषध मिळणे आणि ते नेमलेल्या वेळी, नेमलेल्या मापाने पोटात जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट डॉक्टर आणि दुकानदार करतात. दुसरी मात्र घरी, चुलीजवळ किंवा ओसरीवर, रोगी एकटाच करीत असतो. तेथेच पुष्कळदा घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २००३ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घकाळ औषध घ्यावे लागणाऱ्या रोग्यांपैकी सरासरी निम्मेच लोक ते सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले आहे. आणि हा हिशेब श्रीमंत, सुशिक्षित देशांतला आहे! तेव्हा हा दोष खेड्याचा किंवा अडाणीपणाचा आहे, असे कोणी समजू नये. तो माणसाच्या स्वभावातच आहे.

औषध वेळेवर का घ्यावे, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. गव्हाला ठरावीक अंतराने पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. मधल्या दोन पाळ्या चुकवल्या आणि मग एकाच दिवशी तिप्पट पाणी सोडले, तर पीक सुधारते काय? उलट मुळे कुजतात. शरीराचेही तसेच आहे. गोळी पोटात गेली की तिच्यातील औषध रक्तात मिसळते, आपले काम करते आणि काही तासांनी शरीर ते हळूहळू बाहेर टाकते. पुढची गोळी वेळेवर आली नाही, तर रक्तातील औषध कमी पडते. दोन गोळ्या एकदम घेतल्या, तर ते गरजेहून अधिक होते. यांतील दुसरी चूक तर कित्येकदा पहिलीपेक्षाही घातक ठरते.

म्हातारपणी ही अडचण वाढते. एकाच माणसाला रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, गुडघ्यांसाठी निराळी आणि झोपेच्या वेळी आणखी एक, अशा चार-पाच गोळ्या असतात. नजर मंद झालेली असते. पट्टीवरील नाव बारीक आणि बहुधा इंग्रजी अक्षरांत असते. दुकानदाराने पट्टी कापून दिली, तर औषधाची मुदत छापलेला भाग नेमका दुसऱ्या तुकड्यावर राहून जातो. शिवाय मुलगा आणि सून कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली. विचारावे तर कोणाला?

या चुकांकडे नीट पाहिले, म्हणजे त्यांचे चार प्रकार दिसतात. पहिली चूक विसरण्याची. आज गोळी घेतली की नाही, हेच आठवत नाही. दुसरी ओळखण्याची. दोन पांढऱ्या, गोल गोळ्यांतील कोणती सकाळची, ते कळत नाही. तिसरी समजण्याची. ‘जेवणापूर्वी’ सांगितलेली गोळी जेवणानंतर घेतली जाते. चौथी चूक मात्र सर्वांत अवघड. ती सोडून देण्याची. ‘आता मला बरे वाटते, मग गोळी कशाला?’ असे म्हणून रोगी औषध बंद करतो. उच्च रक्तदाबात ही चूक फार महाग पडते. कारण हा रोग बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि औषध सोडले तरी त्या दिवशी काही कळत नाही. आत मात्र रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो आणि एखाद्या दिवशी पक्षाघाताचा झटका येतो किंवा हृदय दगा देते. हिंडता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

या चार चुकांवर माणसाने निरनिराळे उपाय योजले. त्यांतील काही फार साधे आहेत. डॉक्टरांच्या कागदावर ‘१-०-१’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ते गणित नव्हे. पहिला अंक सकाळचा, मधला दुपारचा आणि शेवटचा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक गोळी, दुपारी काही नाही, रात्री एक. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढता येतात. सूर्य म्हणजे दिवसाची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. सात कप्प्यांची डबी हाही असाच एक उपाय आहे. कप्प्यांवर वारांची नावे असतात. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला, की मंगळवारची गोळी घेतली गेली, हे डोळ्यांनाच कळते. अर्थात काही गोळ्या पट्टीतून बाहेर काढल्या की पावसाळ्याच्या दमट हवेत बिघडतात. म्हणून कोणत्या गोळ्या डबीत ठेवाव्यात, हे औषधविक्रेत्याला आधी विचारले पाहिजे.

यापुढची पायरी यंत्राची. तिची गोष्ट सांगण्यासाठी आपल्याला थोडा वेळ चिखलीहून दूर मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, गेले पाहिजे. इ. स. १९५६ मध्ये तेथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचे एक संशोधन केंद्र स्थापन झाले. त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवावे लागते, अशी समजूत होती. परंतु इतक्या रोग्यांना पुरतील एवढ्या खाटा आपल्या देशात कोठून असणार? म्हणून संशोधकांनी काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना गरीब वस्तीतील त्यांच्या घरीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांइतकेच बरे होऊ शकतात, असे त्यातून दिसले. साऱ्या जगाने या प्रयोगाची दखल घेतली.

परंतु त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. रोगी घरी औषध खरोखर घेतो की नाही, हे कळावे कसे? तेथील कार्यकर्ते अचानक रोग्याच्या घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवीची तपासणी करून औषधाचा अंश सापडतो का, ते पाहत. पुढे रोग्याने आरोग्यसेवकाच्या समोरच गोळी गिळावी, अशी पद्धत पडली. ती परिणामकारक होती. पण मजुरी बुडवून रोज दवाखान्यात जाणे किती जणांना जमणार?

या अडचणीवर बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी २०१३ च्या सुमारास एक युक्ती काढली. ती त्यांनी आपल्या देशातील एका परिचित सवयीवरून घेतली. आपले लोक पैसे वाचवण्यासाठी ‘मिस्ड कॉल’ देतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. संशोधकांनी गोळ्यांच्या पट्टीभोवती जाड कागदाचे एक पाकीट बसविले. गोळी दाबून बाहेर काढली, की तिच्यामागे छापलेला एक दूरध्वनी क्रमांक दिसू लागे. प्रत्येक वेळी कोणता क्रमांक निघेल, हे रोग्याला आधी कळत नसे. त्याने साध्या फोनवरून त्या क्रमांकाला फोन लावावयाचा. त्यासाठी पैसे पडत नसत. फोन येताच ‘आजची गोळी बाहेर काढली’ अशी नोंद संगणकात होई. ज्याचा फोन आला नाही, त्याची चौकशी आरोग्यसेवक करी. या पद्धतीला ‘९९ डॉट्स’ असे नाव मिळाले. महागडे यंत्र नाही, वीज नाही, शिक्षणाची अट नाही. कागद, गोळी आणि साधा फोन एवढ्यावर सारे काम चाले.

ही युक्ती सर्वगुणसंपन्न होती काय? नाही. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथील रोग्यांची पाहणी करून २०२० मध्ये तिची परीक्षा झाली. अचानक केलेल्या लघवीच्या तपासणीशी फोनच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या दोहोंचा मेळ नेहमी बसत नाही, असे आढळले. पुष्कळ रोगी गोळी घेत, पण फोन करीत नसत. म्हणजे संगणकात ‘चुकला’ अशी नोंद झालेला रोगी प्रत्यक्षात चुकलेला नसे. यातून एक मोलाचा धडा मिळाला. यंत्र फक्त खूण करते. त्या खुणेचा अर्थ माणसालाच जाऊन विचारावा लागतो.

हा धडा आपल्या महाराष्ट्रातील एका कामात चांगला उपयोगी पडलेला दिसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातील पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. वर्धा आणि भंडारा हे तर आपल्या विदर्भातलेच. या उपक्रमात रोग्याला एक कार्ड देण्यात येई. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकोनी खूण छापलेली असे. तिलाच क्यूआर कोड म्हणतात. रोगी दवाखान्यात आला, की परिचारिका आपल्या मोबाइलवरील ‘सिंपल’ नावाच्या अ‍ॅपने ती खूण टिपी. त्याबरोबर त्या रोग्याचे मागचे सारे रक्तदाब आणि औषधे पडद्यावर दिसत. आजचा आकडा लिहिला, पुढची तारीख ठरली, की काम झाले. जाडजूड नोंदवह्या चाळण्याचा त्रास वाचला.

पण या अ‍ॅपचे खरे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. ठरलेल्या तारखेला जे रोगी औषध न्यावयास आले नाहीत, त्यांची यादी ते आपोआप तयार करते. आलेल्या माणसाची नोंद कोणीही ठेवील. न आलेल्याची आठवण ठेवणे हेच कठीण! यादी हाती येताच परिचारिका त्या आजोबांना फोन करते आणि विचारते, ‘बाबा, या महिन्यात गोळ्या न्यायला आला नाहीत. बरे आहे ना?’ मग कळते की त्यांना भाड्यापुरते पैसे नव्हते, किंवा शेतात सोंगणी चालली होती, किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून त्यांनी गोळ्याच सोडल्या होत्या. कारण कळले म्हणजे उपायही सापडतो. सोडून देण्याची जी चौथी चूक आपण पाहिली, तिच्यावर घड्याळाचा गजर चालत नाही. तेथे माणसाचा शब्दच लागतो. यंत्र हे फक्त सांगते, की तो शब्द कोणाला हवा आहे. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

औषधाच्या वेष्टनावरही आता नवी सोय झाली आहे. देशात अधिक खपणाऱ्या ३०० औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड किंवा पट्टेरी खूण छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले. ती मोबाइलने टिपली, की औषधाचे नाव, ते कोणी बनविले, केव्हा बनविले आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे कळते. बारीक अक्षरे न दिसणाऱ्या आजीला तिचा नातू ही माहिती मोठ्याने वाचून दाखवू शकतो.

आता पुन्हा आपल्या घराकडे वळू. तुमच्या घरी आजी किंवा आजोबा असतील आणि त्यांची औषधे चालू असतील, तर तुम्ही काय करू शकाल?

पहिली गोष्ट म्हणजे मोबाइलमध्ये गजर लावणे. पण तो लावण्यापूर्वी आजीचा दिवस समजून घ्या. पुष्कळ म्हातारी माणसे दिवस मोजतात तो घड्याळाने नव्हे. सकाळचा चहा, अंघोळ, देवपूजा, भाकरीची वेळ, सांजवात, हेच त्यांचे घड्याळ. रात्रीची गोळी डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितली असेल आणि आजी साडेसातला जेवत असेल, तर गजर आठ वाजता हवा. नऊला लावला, तर ती झोपी गेलेली असेल. गजरासाठी कर्कश भोंग्याऐवजी तुमचाच आवाज मुद्रित करून ठेवता येतो. ‘आजी, तांबड्या डब्यातली गोळी घ्यायची वेळ झाली,’ हे शब्द नातीच्या तोंडून ऐकले, तर आजी ते कसे टाळील?

दुसरी गोष्ट नोंदीची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी घेतल्याबरोबर त्या तारखेला पेन्सिलीने खूण करावी. आधीही नाही आणि उद्याही नाही. ‘मी घेतली का रे?’ या प्रश्नाचे उत्तर मग भिंतच देते. गोळी चुकल्याचे दिसले, तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय दोन गोळ्या एकदम देऊ नयेत. घरातील मोठ्या माणसांना सांगितल्यावाचून मुलांनी कोणाच्याही औषधाला हात लावू नये, हेही पक्के लक्षात ठेवा. तुमचे काम आठवण देण्याचे आहे. मात्रा ठरविण्याचे नव्हे.

तिसरी गोष्ट उपवासाची आणि प्रवासाची. आपल्या भागात एकादशी-चतुर्थीचे उपवास श्रद्धेने केले जातात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. वडीलधारी माणसे वारीला जातात. मधुमेहाची काही औषधे उपाशीपोटी घेतली, तर रक्तातील साखर फार उतरते आणि चक्कर येते. म्हणून उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कशी घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. प्रवासाला निघताना पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांच्या कागदाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र बरोबर असावे. पिशवी हरवली, तरी त्या छायाचित्रावरून परगावच्या डॉक्टरांना सारे समजते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलण्याच्या रीतीची. आजोबांनी सारे आयुष्य घर चालविले आहे. त्यांच्यावर पहारा ठेवल्यासारखे वागू नये. ‘गोळी घेतली की नाही? दाखवा बघू!’ असे दरडावले, तर ते ‘घेतली’ म्हणून मोकळे होतील. भीतीने दिलेले उत्तर खरे असेलच असे नाही. त्याऐवजी, ‘आजोबा, ही गोळी घेतल्यावर काही त्रास होतो का?’ असे विचारावे. कदाचित ते सांगतील की गोळीने तोंड कोरडे पडते, किंवा ती महाग आहे म्हणून एक दिवसाआड घेतो. हे कोणत्याही यंत्राने कधी सांगितले नसते. मग घरातील माणसे त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोलू शकतात. त्याच गुणाचे स्वस्त औषध मिळेल का, हे विचारू शकतात.

मुलांनो, मोबाइल तुमच्या पिढीच्या हाती सहज खेळतो. त्यावर चित्रे पाहण्यात तुम्ही किती वेळ घालविता, हे तुम्हांलाच ठाऊक! त्यांतील पाच मिनिटे रोज एका वृद्ध माणसाच्या औषधासाठी द्या. घरी कोणी वृद्ध नसेल, तर शेजारी असेल. परगावी राहणाऱ्या आजीला फोन तर करता येईलच. यंत्राला वेळ कळते, पण काळजी कळत नाही. ती दोन्ही एकत्र आली, म्हणजेच औषध आपले काम करते.

शब्दार्थ
पाळी – पिकाला पाणी देण्याची ठरलेली वेळ. मात्रा – औषधाचे माप. पक्षाघात – शरीराची एक बाजू लुळी पडण्याचा रोग. आरोग्यधाम – रोग्यांना दीर्घकाळ ठेवून उपचार करण्याचे ठिकाण. वेष्टन – वरचे आवरण. सोंगणी – उभे पीक कापण्याचे काम. सांजवात – संध्याकाळी देवापुढे लावलेला दिवा.

स्वाध्याय
१. औषध घेण्यात होणाऱ्या चार चुका कोणत्या? प्रत्येकीचे एकेक उदाहरण द्या.
२. ‘१-०-१’ या खुणेचा अर्थ सांगा. ‘१-१-१’ आणि ‘०-०-१’ यांचा अर्थ काय होईल?
३. गव्हाच्या पाण्याच्या पाळ्यांचा दृष्टांत लेखकाने कशासाठी दिला आहे?
४. मद्रास येथील प्रयोगातून कोणती गोष्ट सिद्ध झाली आणि कोणता नवा प्रश्न निर्माण झाला?
५. ‘आलेल्या माणसाची नोंद कोणीही ठेवील, न आलेल्याची आठवण ठेवणे हेच कठीण!’ या वाक्याचे स्पष्टीकरण पाच-सहा ओळींत लिहा.
६. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : अंथरुणाला खिळणे, दखल घेणे, दगा देणे, मेळ बसणे.
७. उपक्रम : तुमच्या ओळखीच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीला तिचा दिनक्रम विचारा. घरातील मोठ्यांच्या मदतीने, तिच्या औषधांच्या वेळा दाखविणारा तक्ता मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह तयार करा.